होकायंत्र कोणाचे ऐकते?

मॅप रीडिंगच्या पहिल्या काही तासांतच आपल्याला तीन उत्तर दिशा शिकवल्या जातात. खरी उत्तर, ग्रिड उत्तर आणि चुंबकीय उत्तर. वहीत आपण एका बिंदूपासून तीन बाण काढतो, त्यांच्यातले कोन लिहितो आणि परीक्षेत पाठ केलेले उत्तर देतो. पण होकायंत्राच्या सुईला या तिन्ही उत्तर दिशा ठाऊक नसतात. ती ज्या जागी आहे त्या जागी चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेला आहे, एवढेच तिला कळते. ते क्षेत्र पृथ्वीचे आहे, शेजारच्या रायफलचे आहे की खिशातल्या इयरफोनचे, हे तिला ओळखता येत नाही. सगळ्यांची बेरीज होऊन जी दिशा निघेल त्या दिशेला ती वळते.

या लेखात मला एवढेच सांगायचे आहे. होकायंत्र कधी खोटे बोलत नाही, पण ते जवळच्याचे जास्त ऐकते. ते नेमके कोणाचे ऐकत आहे हे पाहण्याची जबाबदारी होकायंत्र धरणाऱ्याची.

मी अकरावीत शिकतो आणि माझे गाव अलिबाग. मुंबईत एखाद्याला भोळा ठरवायचे असले की "अलिबागसे आया क्या?" असे विचारतात. शाळेत आल्यापासून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता मी शांतपणे "होय" म्हणतो. या विषयात तरी अलिबागहून येणे हा कमीपणा नाही. तो का नाही, ते पुढे सांगेन. आधी चुंबकाकडे वळू.

चुंबक आणि चुंबक

प्रत्येक चुंबकाला दोन ध्रुव असतात, उत्तर आणि दक्षिण. सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात, विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात. चुंबकाचे दोन तुकडे केले तरी एका तुकड्यात फक्त उत्तर ध्रुव आणि दुसऱ्यात फक्त दक्षिण ध्रुव, असे कधी होत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही ध्रुव येतात.

होकायंत्राची सुई म्हणजे टोकावर तोललेला एक हलका चुंबक. तिचे जे टोक उत्तरेकडे वळते त्याला आपण उत्तर ध्रुव म्हणतो. आता विजातीय ध्रुव एकमेकांना ओढत असतील, तर पृथ्वीच्या उत्तरेकडच्या भागात चुंबकीय दृष्ट्या दक्षिण ध्रुव असला पाहिजे. तो तसाच आहे. नावाचा हा गोंधळ पहिल्यांदा ऐकताना गमतीचा वाटतो, पण तोंडी परीक्षेत तो हमखास विचारला जातो.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र फार दुर्बळ असते. बेंगळुरूमध्ये त्याचा आडवा भाग, म्हणजे सुईला वळवणारा भाग, सुमारे 40 मायक्रोटेस्ला आहे. फ्रिजवर चिठ्ठी अडकवायला वापरतो त्या साध्या चुंबकाच्या पृष्ठभागाजवळचे क्षेत्र याच्या जवळजवळ शंभरपट असते. म्हणजे सुई ज्या पृथ्वीच्या भरवशावर दिशा दाखवते, तिचा आवाज खूप हळू आहे. सगळीकडे शांतता असेल तरच तो ऐकू येतो.

चुंबक आणि लोखंड

चुंबक लोखंडाला ओढतो हे लहान मुलालाही माहीत असते. पण खिळा स्वतः चुंबक नाही, मग तो का ओढला जातो?

लोखंडाच्या आत असंख्य अतिसूक्ष्म भाग असतात. त्यांना डोमेन म्हणतात. प्रत्येक डोमेन एक छोटा चुंबकच असतो. साध्या खिळ्यात या डोमेनची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असतात, म्हणून त्यांचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो. परेड सुरू होण्यापूर्वी मैदानावर कॅडेट कसे उभे असतात ते आठवा. कोणाचे तोंड मेसकडे, कोणाचे बॅरेककडे. जवळ चुंबक आला की "सावधान" मिळाल्यासारखे बरेच डोमेन एका दिशेला तोंड करतात आणि खिळा तेवढ्यापुरता चुंबक होतो. चुंबकाचा उत्तर ध्रुव जवळ आणला असेल तर खिळ्याच्या जवळच्या टोकाला दक्षिण ध्रुव येतो. म्हणून चुंबकाचे कोणतेही टोक जवळ आणा, खिळा नेहमी ओढलाच जातो. याला प्रवर्तित चुंबकत्व म्हणतात. चुंबक दूर नेला की मऊ लोखंडातले डोमेन पुन्हा "विश्राम" करतात. कठीण पोलादातले काही मात्र तसेच उभे राहतात. म्हणून चुंबकावर घासलेला स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्लेड पुढे बरेच दिवस टाचण्या उचलते.

यातून एक उपयोगी नियम मिळतो. दोन वस्तू एकमेकींना ओढत असतील तर त्या दोन्ही चुंबक आहेत असे म्हणता येत नाही, एक नुसते लोखंडही असू शकते. त्या एकमेकींना ढकलत असतील तर मात्र दोन्ही नक्की चुंबक. प्रतिकर्षण हीच चुंबकाची खरी कसोटी.

यावर एक जुने कोडे आहे. दिसायला अगदी सारख्या दोन पट्ट्या आहेत. एक चुंबक, दुसरी साधे लोखंड. दुसरे काहीही न वापरता चुंबक कोणता ते ओळखा. उत्तर असे. एका पट्टीचे टोक दुसरीच्या बरोबर मध्यभागी टेकवा. चुंबकपट्टीचा मध्यभाग फार क्षीण असतो. तेव्हा हातातली पट्टी मध्यभागीही जोरात चिकटली तर हातातली पट्टी चुंबक. जवळपास चिकटलीच नाही तर हातातली लोखंडाची आणि टेबलावरची चुंबक.

लॉकरमधल्या वस्तूंची परीक्षा

एका रविवारी मी आणि माझे दोन मित्र लाकडी बाकावर होकायंत्र ठेवून बसलो आणि लॉकरमधली एकेक वस्तू त्याच्याजवळ नेऊन पाहिली. पालकांनाही घरी हा प्रयोग मुलांबरोबर करता येईल. त्याला काहीही खर्च नाही.

बेल्टचे पितळी बकल, पितळी बटणे आणि कॅप बॅज यांनी सुई जागची हलली नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दोन्ही धातू सुईला जुमानत नाहीत. ॲल्युमिनियमच्या मगनेही काही झाले नाही.

स्टेनलेस स्टीलने मात्र कोड्यात टाकले. एका वाटीने सुई वळली, तशीच चमकणाऱ्या दुसऱ्या वाटीने वळली नाही. कारण स्टेनलेस स्टील एकाच प्रकारचे नसते. ज्यात निकेल पुरेसे असते त्या प्रकाराची रचना वेगळी असते आणि ते चुंबकाला चिकटत नाही. निकेल नसलेला, लोखंड आणि क्रोमियमचा प्रकार चिकटतो. निकेल स्वतः चुंबकाला चिकटणारा धातू आहे आणि तरीही त्याच्या मिसळण्याने पोलाद चिकटायचे थांबते, ही गोष्ट मला फार आवडली. अशी न चिकटणारी वाटीसुद्धा तिच्या दुमडलेल्या काठाजवळ किंचित चिकटू शकते, कारण दाबून वाकवताना तिथली रचना थोडी बदलते.

नाण्यांचेही तसेच. आजची एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात. आजीच्या डब्यातले तांबे-निकेलचे जुने, जाड एक रुपयाचे नाणे चिकटत नाही.

ड्रिल बुटाच्या टाचेच्या नालेने सुई चांगलीच वळली. उभे राहून बेअरिंग घेताना बूट छातीपासून लांब असतो, त्यामुळे चालते. पण गुडघा टेकून, नकाशा जमिनीवर पसरून, होकायंत्र त्यावर ठेवले की तीच नाल हातभर अंतरावर येते. चष्म्याचेही तसेच आहे. प्रिझमॅटिक कंपास आपण डोळ्याला लावून वाचतो. काही चष्म्यांच्या काड्यांत आणि स्क्रूत पोलाद असते, काहींत नसते. आपल्या चष्म्याने सुई हलते का, हे प्रत्येक चष्मेवाल्या कॅडेटने एकदा तपासून घ्यावे.

सुईला सर्वांत जास्त फिरवणाऱ्या वस्तू अशा निघाल्या ज्यांत खरोखरचा चुंबक लपलेला असतो. इयरफोन, झाकण बंद करायला चुंबक बसवलेली पाऊच आणि सरांचा मोबाइल. मोबाइलच्या स्पीकरमध्ये छोटा पण जोरदार चुंबक असतो. आणखी एक वस्तू आमच्या लक्षात आली नव्हती, ती म्हणजे दुसरे होकायंत्र. दोन होकायंत्रे शेजारी ठेवली की दोन्ही सुया एकमेकींकडे वळतात. दोघे मित्र खांद्याला खांदा लावून बेअरिंग घेत असतील, तर प्रत्येकाच्या होकायंत्रात शेजाऱ्याचा वाटा असतो.

बोटभर टॉर्चची गोष्ट

हे सगळे मी एवढ्या चौकसपणे का केले, याला कारण आहे. गेल्या वर्षी शहराबाहेरच्या एका कॅम्पमध्ये रात्रीचा नॅव्हिगेशन मार्च होता. एका सेक्शनला जवळजवळ सरळ उत्तरेकडे 1,200 मीटर जाऊन तलावाच्या बांधाजवळचा एक मोरीपूल गाठायचा होता. ते पोचले तेव्हा मोरीपूल तिथे नव्हताच. तो त्यांच्या उजव्या हाताला सुमारे दीडशे मीटरवर होता. अंधारात तो शोधण्यात त्यांचा वेळ गेला आणि गुणही गेले. सेक्शन कमांडर माझा मित्र. पावले मोजण्यात त्याची चूक झाली असे सगळे म्हणाले. तो काही बोलला नाही, पण त्याच्या मनाला ते लागले होते.

मी दुसऱ्या सेक्शनमध्ये होतो. दुसऱ्या दिवशी नकाशावर त्यांचा मार्ग काढून पाहिला तेव्हा एक गोष्ट खटकली. पावले चुकली असती तर ते पुढे गेले असते किंवा मागे राहिले असते. ते डावीकडे गेले होते, म्हणजे चूक अंतराची नव्हती, दिशेची होती. 1,200 मीटरला दीडशे मीटर म्हणजे सुमारे सात अंश.

त्यांच्याकडे नेहमीचीच साधने होती, एक वस्तू सोडून. होकायंत्राच्या तबकडीवर उजेड पाडायला कोणीतरी बोटभर लांबीचा नवा टॉर्च दिला होता. त्याच्या बुडाला गाडीच्या बॉनेटवर चिकटवण्यासाठी चुंबक होता. डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात होकायंत्र. दर थांब्यावर तो तसाच धरला जात होता.

शाळेत परतल्यावर फिजिक्सच्या सरांची परवानगी घेऊन आम्ही प्रयोगशाळेत तो टॉर्च होकायंत्राच्या पश्चिमेला, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येईल असा ठेवला आणि चुंबकाचे होकायंत्रापासूनचे अंतर बदलत गेलो. 10 सेंटिमीटरवर सुई 45 अंशांच्या आसपास वळली. 20 सेंटिमीटरवर सात अंश. 30 सेंटिमीटरवर दोन अंश. 40 सेंटिमीटरच्या पुढे आम्हाला फरक वाचताच येईना. चुंबकाची होकायंत्राकडची बाजू दक्षिण ध्रुवाची निघाली. तिने सुईचे उत्तर टोक डावीकडे ओढले होते. हातात होकायंत्र आणि टॉर्च नेहमीसारखे धरून मोजले, तर चुंबक वीस सेंटिमीटरच्या आसपासच येत होता.

मित्राची पावले बरोबर होती. उस्तादांना आकडे दाखवले तेव्हा त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि पुढच्या कॅम्पच्या साहित्याच्या यादीत "चुंबक नसलेला टॉर्च" असे लिहून घेतले. गुण परत मिळत नसतात, पण मित्राच्या पावलांबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही.

अंतर दुप्पट, परिणाम एक अष्टमांश

या आकड्यांत एक नियम दडला आहे. 10 सेंटिमीटरवर सुई 45 अंश वळली याचा अर्थ तिथे टॉर्चच्या चुंबकाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राइतकेच होते. दोन सारखे ओढणारे काटकोनात असले की सुई मधोमध थांबते. आता छोट्या चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. अंतर दुप्पट केले की क्षेत्र दोनचा घन म्हणजे आठाने भागले जाते, तिप्पट केले की सत्तावीसने, चौपट केले की चौसष्टने. सुई किती वळेल हे या गुणोत्तराच्या टॅनवरून निघते. ज्याचा टॅन एक अष्टमांश आहे असा कोन सात अंशांचा, एक सत्तावीसांश असा कोन दोन अंशांचा आणि एक चौसष्टांश असा कोन एक अंशापेक्षाही लहान. प्रयोगशाळेतले आकडे याला जुळतात.

असे का होते? चुंबकाला दोन ध्रुव असतात आणि त्यांचे परिणाम एकमेकांविरुद्ध असतात. जवळ गेले की जवळचा ध्रुव वरचढ ठरतो. लांब गेले की दोन्ही ध्रुव जवळपास सारख्याच अंतरावर असल्यासारखे होतात आणि एकमेकांना खोडतात. म्हणून चुंबक जवळ आला की दांडगा असतो आणि दोन पावले मागे गेला की गप्प होतो. दोन चुंबकांमधला जोर तर याहूनही झपाट्याने कमी होतो. ते पुरेसे लांब असतील तर अंतर दुप्पट केल्यावर सोळावा हिस्साच उरतो. हातात दोन चुंबक घेऊन ते जवळ आणताना शेवटच्या क्षणी ते हातातून निसटून एकदम आदळतात, ते यामुळेच. बोट मध्ये सापडले तर चांगलेच चिमटते, म्हणून लहान भावंडांच्या हाती जोरदार चुंबक देऊ नयेत. असे दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंतींमधून ते एकमेकांना ओढतात आणि जिवावर बेतू शकते. पालकांनी हे वाक्य विसरू नये.

सैन्यातले नियम याच गणितावर उभे आहेत. अमेरिकी सैन्याच्या नकाशावाचनाच्या पुस्तिकेत होकायंत्र वापरताना ठेवायची अंतरे दिली आहेत. पोलादी हेल्मेट किंवा रायफलपासून अर्धा मीटर, मशीनगनपासून 2 मीटर, काटेरी तार आणि टेलिफोनच्या तारांपासून 10 मीटर, उच्च दाबाच्या वीजवाहिनीपासून 55 मीटर. रायफल पाठीवर असताना बेअरिंग घेऊ नका, असे उस्ताद दरवेळी का सांगतात ते आता कळेल. वीजवाहिनीचे अंतर एवढे मोठे असण्याचे एक कारण म्हणजे लांब तारेतल्या प्रवाहाचे क्षेत्र चुंबकासारखे झपाट्याने कमी होत नाही. एकाच लांब तारेचा विचार केला तर अंतर दुप्पट केल्यावर ते फक्त निम्मे होते. शिवाय तिचे मनोरे पोलादाचे असतात.

अलिबागचे उत्तर

आता अलिबाग. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये वेधशाळा उभारली आणि 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. तिथली साधने इतकी नाजूक होती की क्षेत्रातला अगदी थोडा चढउतारही त्यांत दिसे. 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर मोठे चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांची व्यवस्था विस्कळीत झाली. त्या दिवशी कुलाब्याच्या नोंदींत क्षेत्राचा आडवा भाग सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने खाली आलेला दिसतो, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी. हातातल्या होकायंत्राला याचा पत्ताही लागला नसता. पण 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याच जुन्या नोंदींवरून त्या वादळाचा जोर किती होता ते मांडले. आज उपग्रह आणि वीजजाळी अशा वादळापासून कशी सांभाळायची याचा विचार करताना जगभर त्या नोंदीचा आधार घेतला जातो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा असतो आणि त्यातला काही भाग रुळांतून जमिनीत झिरपतो. त्याच्या क्षेत्राने कुलाब्याच्या साधनांना पृथ्वी ऐकू येईनाशी झाली असती. तेव्हा नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे संचालक होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. ट्राम थांबवता येणार नव्हती, म्हणून वेधशाळा हलवावी लागली. जागा निवडली खाडीपलीकडे सुमारे तीस किलोमीटरवरचे अलिबाग.

बांधकाम करताना पुन्हा तोच प्रश्न आला, की जवळ काय आहे. कोकणातला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट नावाचे चुंबकीय खनिज असते. घरे, किल्ले आणि देवळे बांधायला उत्तम असलेला हा दगड इथे चालणार नव्हता. म्हणून चुंबकीय दोष नाही याची खात्री करून पोरबंदरचा दगड आणला गेला आणि लोखंड टाळून तांबे, पितळ अशा धातूंचे सामान वापरले गेले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. अलिबागचे काम 1904 मध्ये सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नव्या मालिकेला जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये धावली. ती धावण्यापूर्वी मालिका सुरक्षित झाली होती. 1841 पासून आजपर्यंत चाललेल्या या नोंदी जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय मालिकांपैकी एक आहेत. माझ्या गावातली माणसे त्या आवाराला नुसते "मॅग्नेटिक" म्हणतात.

आपल्या पायाखालची जमीन

बेंगळुरूमध्ये चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक एक-दोन अंशांच्या आतच आहे. तो दरवर्षी किंचित बदलतो, म्हणून नकाशावर छापलेले वर्ष पाहावे लागते. पण एवढ्या छोट्या फरकाचे गणित आपण काळजीने करतो आणि सात अंश वळवणारा टॉर्च हातात धरतो, तर त्या गणिताचा उपयोग काय?

कर्नाटकात जमीनही सुईशी बोलते. चिक्कमगळूरू जिल्ह्यातल्या कुद्रेमुखला मॅग्नेटाइटचे मोठे साठे आहेत. तिथली खाण 2005 अखेर बंद झाली, पण डोंगर तिथेच आहे. बल्लारीकडचे लोहखनिज मुख्यतः हेमटाइट प्रकारचे. त्यातही लोखंड भरपूर, पण चुंबकीय गुण फार कमी. म्हणजे "लोखंड आहे" एवढ्यावरून सुई किती वळेल हे ठरत नाही. सह्याद्रीत ट्रेकला गेलात तर माथ्यावरच्या काळ्या खडकावर होकायंत्र ठेवून बेअरिंग घेऊ नका. अशा खडकावर कधी वीज पडली असेल तर तो बऱ्यापैकी चुंबक झालेला असू शकतो. होकायंत्र छातीच्या उंचीवर धरले तरी पुष्कळ फरक पडतो.

तपासायचे कसे

मग अनोळखी जागी, रात्री, सुई कोणाचे ऐकत आहे हे कसे ओळखायचे? सर्व्हेच्या लोकांची एक जुनी, सोपी रीत आहे. तुम्ही उभे आहात त्या जागेवरून समोरच्या खुणेचे बेअरिंग घ्या. मग त्या खुणेपाशी जाऊन मागे वळा आणि निघालेल्या जागेचे बेअरिंग घ्या. दोन्हींत बरोबर 180 अंशांचा फरक आला, तर दोन्ही जागा बहुधा स्वच्छ आहेत. फरक कमी-जास्त आला, तर दोहोंपैकी एका जागी काहीतरी लोखंडी किंवा चुंबकीय आहे. याला स्थानिक आकर्षण म्हणतात.

या रीतीला एक मर्यादा आहे. जागेतला दोष ती पकडते, पण दोष तुमच्याच हातात असेल तर तो तुमच्याबरोबर चालतो. त्यासाठी वेगळी रीत. होकायंत्र स्थिर धरा आणि मित्राला तुमच्या अंगावरची एकेक वस्तू बाजूला न्यायला सांगा. टॉर्च, पाऊच, चष्मा, रायफल. ज्या वस्तूबरोबर सुई हलली ती वस्तू गुन्हेगार. याला दोन मिनिटेही लागत नाहीत आणि निघण्यापूर्वी एकदा केले की पुरते.

माझ्या पुढच्या तुकड्यांतल्या मित्रांसाठी एवढेच लिहितो. होकायंत्र उघडण्यापूर्वी दोन्ही हात आणि खिसे पाहा. रायफल अर्धा मीटर दूर ठेवा. शेजाऱ्यापासून दोन पावले सरका. नाल लावलेला बूट होकायंत्राजवळ येऊ देऊ नका. चुंबक असलेला टॉर्च बॅरेकमध्येच राहू द्या. आणि तुमचा सेक्शन कमांडर वाट चुकला, तर त्याच्या पावलांना दोष देण्याआधी त्याच्या हातात काय होते ते विचारा.